स्पॅनिश : 'उस्तेद'ला आज्ञा द्यायची कशी? आणि तिथे सब्जंटिव्ह कुठून आला?

गुडघेदुखी

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, मूळची कराडची. माझ्याकडचे बरेचसे पेशंट मेक्सिको, होन्डुरास, एल साल्वादोरकडचे. वय साठीच्या पुढे, गुडघ्याचं नाहीतर खुब्याचं ऑपरेशन झालेलं, इंग्रजी नमस्कार-चमत्कारापुरतं. मी दिवसभर बोलते ते निव्वळ हुकूम असतात. वाकवा, सरळ करा, दाबा, सोडा, श्वास घ्या, अजून उठू नका.

स्पॅनिश शिकले ॲपवर, आणि ते ॲप साऱ्या जगाला अरेतुरे करतं. सत्तरीच्या आजोबांना 'दोब्ला ला रोदीया' म्हटलं की ते 'गुडघा वाकव रे' होतं. आमच्या रिसेप्शनवरची बाई मेक्सिकोतल्या मिचोआकानची. तिने बजावून ठेवलंय, इथे सगळ्यांना 'उस्तेद', म्हणजे अहोजाहो. हरकत नाही, म्हणून व्याकरणाचं पुस्तक उघडलं. 'उस्तेदच्या आज्ञा' या धड्यात लिहिलंय की रूपांसाठी सब्जंटिव्हचा धडा पाहा. तो धडा सांगतो, सब्जंटिव्ह हा इच्छा, शंका आणि भावना यांसाठी. आता मला सांगा, 'गुडघा वाकवा' यात शंका कसली आणि भावना कसली?

शिवाय हे एक. 'बसा' म्हणजे 'सिएंतेसे'. 'बरं वाटतंय का?' म्हणजे 'से सिएंते मेखोर?'. आणि 'बरं वाटू दे' म्हणायचं तर 'एस्पेरो के से सिएंता मेखोर'. बसणं कुठलं आणि वाटणं कुठलं, माझं डोकं भणभणतं. ही दोन्ही क्रियापदं मला दर पाच मिनिटांनी लागतात.

आणि ते 'से' कधी पुढे, कधी मागे. त्याचं काय?

(स्पॅनिश शब्द देवनागरीतच लिहितेय, 'ह'चा उच्चार नाही आणि 'ज'चा 'ख' होतो, त्यामुळे रोमन लिपीपेक्षा हेच बरं पडतं.)

पेरूची_फोड

गुडघेदुखीताई, नाव झकास घेतलंय. मी पुण्यात स्पॅनिशच्या शिकवण्या घेते आणि हा प्रश्न दर बॅचला येतो. फक्त तुमच्याइतका नेमका येत नाही.

तुमच्या पुस्तकाने गाडी उलटी जुंपली आहे. 'इच्छा, शंका, भावना' ही यादी मला मनापासून नावडते. मुलं ती पाठ करतात आणि मग प्रत्येक वाक्यात भावना शोधत बसतात. खरी गोष्ट एवढीच आहे की स्पॅनिश माणूस दोन प्रकारे बोलतो. एक, जे आहे ते आहे असं ठामपणे सांगायचं. दोन, जे अजून झालेलं नाही पण व्हावं, होऊ नये, झालं तर बरं, असं काही मनात धरून बोलायचं. दुसऱ्या प्रकारचं रूप म्हणजे सब्जंटिव्ह. तुम्ही 'गुडघा वाकवा' म्हणता तेव्हा गुडघा अजून सरळच असतो ना? मग झालं तर.

आता उस्तेदचंच रूप तिथून का आलं, ते बघा. उस्तेद म्हणजे मुळात 'बुएस्त्रा मेर्सेद', 'आपली कृपा'. लोकांच्या तोंडी झिजून झिजून उस्तेद झालं. म्हणजे समोर बसलेल्या माणसाशी आपण तो समोर नसल्यासारखं, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं बोलतो. क्रियापद म्हणूनच तृतीय पुरुषी असतं. आणि तिसऱ्या माणसाला थेट हुकूम सोडता येत नाही. त्याने अमुक करावं, एवढंच म्हणता येतं.

ताई, हे मराठी माणसाला कुणी शिकवायची गरजच नाही. 'पाहुण्यांनी हात धुऊन घ्यावेत.' 'सरकारांनी आत यावं.' 'रांगेत उभे राहावे.' हा आपला शाळेतला विध्यर्थ. आज्ञाही तोच आणि इच्छाही तोच : 'त्याने यावं असं मला वाटतं.' स्पॅनिशमध्ये 'बेंगा' म्हणजे 'यावं', आणि 'किएरो के बेंगा' म्हणजे 'त्याने यावं अशी माझी इच्छा आहे'. एकच रूप, दोन जागा. इंग्रजीवाटे स्पॅनिश शिकलं की हे दिसत नाही, कारण इंग्रजीत आज्ञा म्हणजे नुसतं उघडं क्रियापद.

पटत नसेल तर क्लिनिकमध्ये मेक्सिकोहून आणलेली एखादी औषधाची बाटली सापडते का बघा. 'आखीतेसे आंतेस दे उसार्से', 'मांतेंगासे फुएरा देल आल्कान्से दे लोस नीन्योस'. आपल्याकडच्या बाटलीवर काय असतं? 'वापरण्यापूर्वी हलवावे.' 'लहान मुलांपासून दूर ठेवावे.' पाककृतींचंही तेच : तिकडे 'आन्यादा साल', इकडे 'मीठ घालावे'.

आता रूपं. आज्ञार्थाचा तक्ता पाठ करू नका. 'यो'चं, म्हणजे 'मी'चं वर्तमानकाळी रूप घ्या, शेवटचा 'ओ' काढा. 'आर'वाल्या (मूळ रूप 'आर'ने संपणाऱ्या, जसं दोब्लार) क्रियापदाला 'ए' लावा, 'एर' आणि 'ईर'वाल्यांना 'आ'. दोब्लो, दोब्ले (वाकवा). एम्पूखो, एम्पूखे (ढकला). याचा फायदा असा की 'मी'च्या रूपात जो काही वाकडेपणा असतो तो आपोआप सोबत येतो. आगो, आगा (करा). तेंगो, तेंगा (बाळगा). पोंगो, पोंगा (ठेवा). काइगो, काइगा (पडा). आप्रिएतो, आप्रिएते (दाबा). सुएल्तो, सुएल्ते (सोडा). अनेकवचनी उस्तेदेसला शेवटी 'न' लावला की झालं : दोब्लेन, आगान. माद्रिदच्या मेट्रोत वळणावरच्या स्टेशनात घोषणा होते, 'आल सालीर, तेंगान क्विदादो...', उतरताना सांभाळा, पाय डबा आणि फलाट यांच्या फटीत जाऊ देऊ नका. तो 'तेंगान' हाच.

या नियमात न बसणारी सहा क्रियापदं आहेत, आणि ती कुठली हे पाठ करायची गरज नाही. ज्यांचं 'मी'चं रूप 'ओ'ने संपत नाही तीच : दोय (देतो), एस्तोय आणि सोय (दोन्ही 'आहे'), बोय (जातो), से (मला माहीत आहे), ए (सहायक क्रियापद). 'ओ'च नाही तर काढणार काय? म्हणून त्यांची रूपं वेगळी : दे, एस्ते, सेआ, बाया, सेपा, आया. तुम्हाला त्यांतलं 'बाया' रोज लागेल, 'बाया देस्पासिओ', सावकाश चला.

स्पेलिंगच्या भानगडींनी घाबरू नका. 'तोकार'चं (हात लावणं) 'तोके', 'पागार'चं (पैसे देणं) 'पागे' लिहिताना स्पॅनिश लोकांना सी काढून क्यू-यू घालावं लागतं, जी-नंतर यू घुसवावा लागतो. सगळी कसरत 'क'चा 'क' आणि 'ग'चा 'ग' राहावा म्हणून. देवनागरीत लिहिलंत तर ही अडचण उरतच नाही.

आणि तुमचं ते बसणं-वाटणं. हे खरंच छान आहे, मी वर्गात यावर अख्खा तास घालवते. क्रियापदं दोन : 'सेंतार्से' (बसणं) आणि 'सेंतीर्से' (वाटणं). पहिलं आरवालं, दुसरं ईरवालं. साध्या वर्तमानकाळात आरवाल्याला 'आ' मिळतो आणि ईरवाल्याला 'ए', म्हणून 'से सिएंता' म्हणजे बसतो, 'से सिएंते' म्हणजे त्याला वाटतं. सब्जंटिव्हमध्ये स्वर उलटे होतात. त्यामुळे 'से सिएंते' म्हणजे बसावं आणि 'से सिएंता' म्हणजे वाटावं. दोघांनी एकमेकांचे कपडे घातल्यासारखं आहे. मग ओळखायचं कसं? आधी काय आलंय ते ऐकायचं. आधी 'एस्पेरो के' किंवा 'किएरो के' असेल तर रूप उलटं वाचा. 'किएरो के से सिएंते आकी', इथे बसावं. 'एस्पेरो के से सिएंता मेखोर', बरं वाटावं. आधी काहीच नसेल आणि प्रश्नाचा सूर असेल तर 'से सिएंते मारेआदो?', चक्कर येतेय का?

'से'चं सोपं आहे. होकारी आज्ञेत शेपटाला चिकटतं, नकारीत पुढे जाऊन सुटं उभं राहतं. 'सिएंतेसे', बसा. 'नो से सिएंते तोदाबीया', इतक्यात बसू नका. 'दीगामे', मला सांगा. 'नो मे दीगा', मला सांगू नका. शेपूट जोडल्यावरही बोलताना जोर मूळ जागीच राहतो, म्हणून लिहिताना तिथे तिरकी रेघ येते. 'नो से सिएंते'पुढे 'बिएन' जोडलंत तर मात्र अर्थ 'बरं वाटत नाहीये' असा होतो, तेवढं लक्षात ठेवा.

खेड_शिवापूर

फोडताईंनी सगळंच सांगितलंय. मी मेक्सिकोत केरेतारोला मशीन बसवायला गेलो होतो तेव्हाचं थोडंसं.

कारखान्यात उस्तेदच्या आज्ञेला पर्याय नाही. 'आपागे ला माकिना' (मशीन बंद करा), 'पोंगासे लोस ग्वांतेस' (हातमोजे घाला), 'नो तोके' (हात लावू नका). त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही, बोट जाण्यापेक्षा बरं. पण जेवणाच्या सुट्टीत 'देमे ला साल' (मीठ द्या) म्हटलं की टेबलावरचे बघतात. तिथे आज्ञा नकोच, साधा वर्तमानकाळ आणि प्रश्न : 'मे पासा ला साल?' (मीठ देता का?), 'मे प्रेस्ता उन देसार्मादोर?' (स्क्रूड्रायव्हर देता का जरा?). रूप बरोबर असणं वेगळं आणि कधी वापरायचं ते वेगळं. ताई, तुम्हीही दर तिसरं वाक्य 'मे दोब्ला ला रोदीया, पोर फाबोर?' असं केलंत तर म्हाताऱ्यांना जास्त आवडेल.

आणखी एक. 'पारार' म्हणजे थांबवणं, 'पारे ला माकिना'. पण मेक्सिकोत 'पारेसे' म्हणजे उभे राहा. स्पेनमध्ये शिकलेला आमचा एक साहेब ते ऐकून चालता चालता थांबायचा. दक्षिण अमेरिकेत चौकातल्या लाल अष्टकोनी पाटीवर 'पारे' असतं, म्हणजे सरकारही उस्तेद करतं. मेक्सिकोत त्या पाटीवर 'आल्तो', आणि स्पेनमध्ये चक्क 'स्टॉप'.

नाव पुकारल्यावर किंवा ऐकू न आल्यावर मेक्सिकन माणूस 'मांदे?' म्हणतो, म्हणजे 'आज्ञा करावी'. काही जणांना ते लाचारीचं वाटतं, तिथले लोकच त्यावर भांडतात. मला आवडायचं.

आगाऊ_कार्टा

विध्यर्थाची तुलना ऐकायला गोड आहे, पण ती अर्ध्या वाटेवर बसते. 'नो क्रेओ के एस्ते रोतो', हाड मोडलंय असं मला वाटत नाही. इथे मराठीत 'मोडावं' येतं का? 'मोडलं असेल असं वाटत नाही' म्हणतो आपण. आणि 'क्वांदो येगे', तो येईल तेव्हा. तिथे आपल्याकडे भविष्यकाळ. परत विध्यर्थात 'रुग्णाने गोळ्या घ्याव्यात', क्रियापद गोळ्यांच्या मागे धावतं. स्पॅनिशमध्ये असं काही होत नाही. मुलांना अर्धवट जुळणी शिकवली की पुढे तीच आडवी येते.

पेरूची_फोड

कार्ट्या, नाव सार्थ केलंस. पण मुद्दा बरोबर आहे आणि मी तो वर्गात पुढच्या टप्प्यावर सांगतेच. विध्यर्थ चालतो तो आज्ञा, इच्छा, सल्ला आणि हेतू इथपर्यंत. 'एस इम्पोर्तांते के कामीने', चालावं हे महत्त्वाचं. 'पारा के नो से काइगा', पडू नये म्हणून. इथवर डोळे मिटून जायचं. शंका आणि वेळ आली की विध्यर्थ सोडायचा.

तरी वेळेचंही बघ. पेशंटला आपण मराठीत काय सांगतो? 'दुखलं की सांगा.' अजून दुखलेलं नाही, तरी 'दुखलं'! म्हणजे न घडलेल्या गोष्टीसाठी साधा वर्तमानकाळ आपल्यालाही पुरत नाही, आपण भूतकाळाचं रूप उसनं घेतो. स्पॅनिश माणूस तिथे सब्जंटिव्ह घेतो : 'आबीसेमे क्वांदो ले दुएला'. रोज दुखतं असं सांगायचं असेल तर मात्र 'क्वांदो कामीना ले दुएले', चालताना दुखतं. ती वस्तुस्थिती आहे, म्हणून तिथे साधं रूप.

आणि गोळ्यांच्या मागे धावणारं क्रियापद ही मराठीची डोकेदुखी आहे. ती स्पॅनिशमध्ये नाही याचा आनंद मान की.

गुडघेदुखी

बापरे, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. 'आगो-आगा'ची युक्ती लगेच जमली. माझ्या तोंडी बसवण्यासाठी मी दोन वाक्यं तयार केलीयेत, बघून सांगाल का?

'नो से लेबांते आस्ता के यो ले दीगा.' (मी सांगेपर्यंत उठू नका.)
'आगार्रेसे दे ला बार्रा पारा के नो से काइगा.' (पडू नये म्हणून बार धरा.)

आणि एक अडलंय. 'दुखलं तर सांगा' याला मी 'दीगामे सी ले दुएले' म्हणते, आणि रिसेप्शनवरची बाईही तसंच म्हणते. पण तिथेही दुखलेलं नाहीये अजून. मग 'दुएला' का नाही?

पेरूची_फोड

दोन्ही वाक्यं चोख. 'आस्ता के' आणि 'पारा के' हे दोघे पुढे न घडलेलं काही ओढून आणतात, म्हणून 'दीगा' आणि 'काइगा'. पहिल्या वाक्यात तर आज्ञा आणि पोटवाक्य दोन्हीकडे सब्जंटिव्ह आहे. म्हणजे आज्ञा पाठ केल्या की पोटवाक्यं फुकट मिळतात.

'सी'चं मात्र तर्काने उत्तर देता येत नाही. तुमचा तर्क बरोबर आहे, भाषेचा वेगळा आहे. 'तर'वाल्या 'सी'नंतर वर्तमानकाळातला सब्जंटिव्ह येत नाही, एवढं गाठीला बांधा. 'क्वांदो ले दुएला', पण 'सी ले दुएले'. जे होणं अवघड आहे असं धरून बोलायचं असेल तर 'सी'नंतर भूतकाळी सब्जंटिव्ह येतो : 'सी ले दोलिएरा', दुखत असतं तर. तो टप्पा तुम्हाला सध्या नको.

प्रांताप्रांताचं थोडक्यात. होन्डुरास, एल साल्वादोरकडचे लोक आपसात 'तू'साठी 'बोस' म्हणतील, तेव्हा 'बस' हे तुम्हाला 'सेंताते' असं ऐकू येईल. ऐका, समजून घ्या, पण तुम्ही उस्तेदच ठेवा. कोलंबियातल्या बोगोताचा पेशंट आला तर तो स्वतःच्या भावालाही उस्तेद म्हणताना सापडेल, त्यात दुरावा नसतो. तो दारात उभा असेल तर 'सीगा' म्हणा. शब्दशः 'पुढे चालावं', तिकडे 'या, आत या'. उलट स्पेनमधून आलेली तरुण मुलगी म्हणेल, मला तू म्हणा हो. त्यावेळी तूच म्हणा, पण मग आठ वाकडी रूपं पाठ करावी लागतील (दी, आस, बे, पोन, साल, से, तेन, बेन), आणि नकारात पुन्हा सब्जंटिव्ह आहेच : 'सिएंताते', पण 'नो ते सिएंतेस'. म्हणून मी सगळ्यांना सांगते की आज्ञेची सुरुवात उस्तेदने करा. आदर राहतो आणि पाठांतरही कमी.

दुभाष्या

टेक्सासमध्येच वैद्यकीय दुभाष्याचं काम करतो. वरचं सगळं व्यायाम करून घेण्यासाठी उत्तम आहे, ताई, जरूर बोला, पेशंट निम्मा त्यानेच बरा होतो. पण संमतीपत्र, औषधाचा डोस, ऑपरेशननंतरच्या सूचना या गोष्टी आल्या की दुभाष्या मागवा, फोनवरचा असला तरी चालेल. अफोर्डेबल केअर ॲक्ट या अमेरिकेच्या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १५५७ खाली, केंद्राचा निधी घेणाऱ्या दवाखान्यांना पात्र दुभाषी मोफत द्यावा लागतो. नातवाला मध्ये बसवून काम भागवू नका.

निरोप देताना 'आदिओस'पेक्षा 'के'ने सुरू होणारी वाक्यं शिकून ठेवा. 'के से मेखोरे', लवकर बरे व्हा. 'के देस्कान्से', आराम पडो. 'के ले बाया बिएन', सगळं नीट होवो. यांच्या आधीचं 'एस्पेरो' गिळलेलं असतं, पण रूप तेच राहतं.

गुडघेदुखी

'के से मेखोरे' आज एका आजींना म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, 'ओखाला, मिखा, ओखाला'. हे 'ओखाला' काय आहे?

पेरूची_फोड

अरबीतून आलेलं, 'देव करो' अशा अर्थाचं. त्याच्यानंतर डोळे मिटून सब्जंटिव्ह : 'ओखाला के पुएदा कामीनार', चालता येवो. आणि 'मिखा' म्हणजे 'मी इखा', माझ्या लेकी. आजींनी तुम्हाला लेक म्हटलंय म्हणून तुम्ही लगेच तू वर येऊ नका. तुमच्याकडून उस्तेदच.